तोटीखालची बिअर

पाच गॅलन बिअर म्हणजे १८.९ लिटर. ३५५ मिलीच्या बाटलीनं भागलं तर त्रेपन्न बाटल्या व्हायला हव्यात. घरी केलेल्या माझ्या पहिल्या घाण्याच्या सेहेचाळीस झाल्या. गेलेल्या सातातल्या दोन फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या, गाळात राहिल्या. एक हायड्रोमीटरच्या (बिअरची घनता मोजायच्या उपकरणाच्या) नळीतून माझ्या पोटात गेली. उरलेल्या जवळजवळ चार मात्र बॉटलिंग बकेटमध्ये, म्हणजे बाटल्या भरायच्या बादलीत, तोटीच्या खाली, माझ्या डोळ्यांदेखत पडून होत्या. त्या बाहेर कशा काढायच्या हे न कळल्यामुळे मी बादली सिंकमध्ये उपडी केली आणि पाणी सोडलं. महिनाभर सांभाळलेली सव्वा लिटरहून थोडी जास्त बिअर गेली.

हा लेख त्या सव्वा लिटरबद्दल आहे. ज्यांनी एक-दोन घाणे केलेत किंवा पहिलं किट आणून बेसमेंटमध्ये ठेवलंय, त्यांच्यासाठी. मी अमेरिकेत, ओहायोत राहतो, त्यामुळे मापं आणि दुकानं इथली. इथं घरी बिअर करायला केंद्राच्या कायद्यानं १९७८ साली मोकळीक दिली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात बसून वाचत असाल तर हे वाचण्यापुरतंच ठेवा. तिथं विनापरवाना घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

बादली आणि तिची तोटी

बॉटलिंग बकेट म्हणजे फूड-ग्रेड प्लॅस्टिकची साडेसहा गॅलनची, म्हणजे साधारण २४ लिटरची बादली. बुडापासून इंचभर वर एक भोक, त्यात प्लॅस्टिकची तोटी. आपल्याकडच्या स्टीलच्या पिंपाची गोरी बहीण म्हणा. आंबवण संपलं की बिअर फर्मेंटरमधून सायफननं (वरच्या भांड्यातून खालच्यात आपोआप ओढणाऱ्या नळीनं) या बादलीत घ्यायची, त्यात मोजून साखरेचा पाक मिसळायचा आणि तोटीतून बाटल्या भरायच्या. बाटलीत उरलेलं यीस्ट ती साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि पंधरा दिवसांत बिअरला फेस येतो.

तोटीला जोडायला एक कडक नळी मिळते. दुकानात बॉटलिंग वाँड म्हणून मागा. तिच्या टोकाला स्प्रिंगची झडप असते. टोक बाटलीच्या बुडावर दाबलं की बिअर येते, उचललं की थांबते. बाटली काठोकाठ भरून नळी बाहेर काढली की नळीनं व्यापलेली जागा रिकामी होते आणि वर बरोबर हवी तेवढी मोकळी जागा राहते. किटमध्ये वाँड नसेल तर आधी ती घ्या. पाच-सहा डॉलरचा प्रश्न आहे, आणि पुढचं बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे.

आता तोटीखाली किती राहतं ते बघू. माझ्या बादलीच्या बुडाचा व्यास २६ सेंटिमीटर आहे आणि तोटीचं तोंड आतून अडीच सेंटिमीटर उंचीवर. म्हणजे तोटी थांबते तेव्हा खाली सव्वा लिटरच्या वरच बिअर असते. तुमच्या बादलीचा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, कारण काही बादल्यांचा तळ मध्ये जरा फुगीर असतो. तो आकडा काढायला गणितापेक्षा पाणी बरं. त्याकडे येतोच.

हाव कुठे धरायची

नवीन माणूस इथं हमखास उलटं करतो. मीही केलं. फर्मेंटरमधून सायफन करताना शेवटचा थेंबही सोडायचा नाही म्हणून नळी खाली दाबत जायचं, आणि तळाचा साका, म्हणजे खाली बसलेलं यीस्ट, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा, सगळं बादलीत ओढून घ्यायचं. मग बादलीतली तळाची बिअर गढूळ झाली म्हणून ती टाकून द्यायची.

हाव धरायची ती बादलीत. फर्मेंटरमध्ये अर्धा-पाऊण लिटर सुखानं सोडा. ताक निवळल्यावर वरची निवळ आपण कशी हलक्या हातानं ओततो, तसंच हे. नळीचं टोक पृष्ठभागाच्या थोडं खाली ठेवायचं, बिअर उतरेल तसं खाली न्यायचं, आणि साका ओढला जातोय असं दिसलं की लगेच उचलायचं. बादलीत नितळ बिअरच गेली असेल, तर बादलीचा तळही पिण्याजोगा असतो. तो सोडायचं काही कारण उरत नाही.

यावर साधा तोडगा म्हणजे सुरुवातीलाच थोडं जास्त करणं. फर्मेंटरमध्ये पाचऐवजी सव्वापाच-साडेपाच गॅलन वॉर्ट, म्हणजे न आंबलेला माल्टचा काढा, घाला, म्हणजे गाळाचा वाटा आधीच काढून ठेवल्यासारखं होतं.

आदल्या दिवशी: पाण्याची रंगीत तालीम

बाटल्या भरायच्या दिवशी काही नवीन शोधायला जाऊ नका. हात ओले असतात, सगळं सॅनिटाइझ केलेलं असतं, आणि एक हात कायम वाँडवर अडकलेला असतो. सगळे प्रयोग आदल्या संध्याकाळी साध्या पाण्यावर करा.

बादली ओट्याच्या कडेला ठेवा, तोटी कडेच्या बाहेर येईल अशी. पाच-सहा लिटर पाणी ओता. पहिली पाच मिनिटं काही करू नका, नुसतं तोटीच्या नटाखाली कोरडा पेपर टॉवेल धरा. ओला झाला तर वॉशर नीट बसलेला नाही. बऱ्याच तोट्यांना दोन वॉशर येतात, एक आतून, एक बाहेरून. नट हातानं आवळा, पान्यानं नको. प्लॅस्टिकच्या आट्या जातात. ही गळती बिअर भरल्यावर सापडली तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

मग तोटी सोडा. धार थांबली की बादलीत उरलेलं पाणी मापाच्या जगमध्ये ओतून मोजा आणि आकडा बादलीवर मार्करनं लिहून ठेवा. हा तुमचा तोटा. आता तो कमी करायचा.

पाट

सर्वात सोपा, फुकटचा उपाय म्हणजे बादली तोटीच्या बाजूला कलती करणं. ज्यांच्या घरी दोन दिवसांआड पाणी यायचं त्यांना हे शिकवावं लागत नाही. मला लागलं. आमच्या सासूबाई सोलापूरच्या, जिथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येण्याची सगळ्यांना सवय. त्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. जावई घरात बिअर करतो हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं, आणि ते त्या एका शब्दानंही बोलल्या नव्हत्या. मी बाटल्या भरत होतो, त्या टेबलाशी लसूण सोलत पाठ फिरवून बसलेल्या. तोटी गुळगुळ करायला लागली. मी डाव्या हातानं बादली मागून उचलून कलती केली, उजव्या हातात वाँड. बादलीत आतल्या आत लाट आली, तळाचं सगळं ढवळून वर आलं. त्यांना राहवलं नाही.

“अहो, पाट आधी घालायचा असतो मागं. आता हलवल्यावर गाळ वर येणारच की.”

यातला “आधी” हा शब्द महत्त्वाचा. मी तोवर वाचलेल्या सूचनांत “शेवटी बादली तिरकी करा” एवढंच असायचं. शेवटी तिरकी केली की तीन गोष्टी बिघडतात. साका उठतो. लाट आल्यामुळे तोटीचं तोंड क्षणभर उघडं पडतं आणि हवा शिरते. आणि तुमचा एक हात अडकतो. पाट आधीच घातला असेल तर यातलं काहीच होत नाही, कारण बिअर पहिल्यापासूनच त्या उताराला असते.

पाटाऐवजी लाकडाची फळी चालेल, जाड पुस्तक चालेल, दोन सिलिकॉनच्या चटया एकावर एक घडी करूनही चालतील. प्रश्न जाडीचा. माझ्या बादलीपुरतं गणित असं: सपाट ठेवली तर १.३ लिटर उरतं. मागच्या कडेखाली अडीच सेंटिमीटरची फळी घातली की बरोबर निम्मं, सुमारे ६५० मिली. पाच सेंटिमीटरची घातली की २८० मिलीच्या आसपास. म्हणजे दोन इंची फळीनं एक लिटर वाचतो, जवळजवळ तीन बाटल्या.

मग सुरुवातीपासून पाच सेंटिमीटरच का नाही? कारण भरलेली बादली वीस किलोची असते आणि तिचा कल ओट्याच्या कडेकडे असतो. ती घसरली तर पुढची तासभर फरशी पुसायची. म्हणून मी दोन टप्पे करतो. बादलीखाली ओला टॉवेल किंवा रबरी चटई, म्हणजे बूड सरकत नाही. रिकामी असतानाच मागे अडीच सेंटिमीटरची फळी. साधारण पंधरा-सोळा बाटल्या भरायच्या राहिल्या, म्हणजे बादलीत पाच-सहा लिटर उरले, की हातातली बाटली पूर्ण करून वाँड बाटलीतच उभी ठेवायची, दोन्ही हातांनी बादलीची मागची कड सावकाश उचलायची आणि घरातल्या कुणाला तरी दुसरी फळी सरकवायला सांगायची. तोटीवर अजून भरपूर बिअर असते त्यामुळे हवा जात नाही. आणि पुढची दहा मिनिटं बिअरला पुन्हा शांत व्हायला मिळतात.

एल्बो

फळीनंतर उरलेले २८० मिलीही ज्यांना डाचतात त्यांच्यासाठी पुढचा उपाय: तोटीच्या आतल्या तोंडाला खाली वळणारा कोपरा बसवायचा. म्हणजे बिअर तोटीच्या उंचीवरून नाही, तळावरून उचलली जाते. होमब्रूच्या दुकानात हा तयार मिळतो, डिप ट्यूब म्हणतात. स्वतः करायचा असेल तर तोटी काढून खिशात घाला, हार्डवेअरच्या दुकानात जा आणि अर्ध्या इंची पाइपाचे एल्बो बसवून बघा. तोटीगणिक आतलं माप बदलतं, म्हणून आकड्यावर विश्वास ठेवून ऑनलाइन मागवू नका. एल्बोवर पिण्याच्या पाण्याची खूण पाहिजे, इथं ती एनएसएफ-पीडब्ल्यू अशी असते. गोंद, सोल्युशन काही लावायचं नाही. नुसता दाबून घट्ट बसला पाहिजे, आणि धुताना निघाला पाहिजे.

बसवताना दोन गोष्टी बघा. पहिली, अंतर. एल्बोचं तोंड तळाला टेकलं तर तो तळाला चिकटून बसतो आणि धार करंगळीएवढी होते. फार वर राहिलं तर बसवून उपयोग नाही. मी दोन क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, एकावर एक ठेवून मापतो, म्हणजे साडेतीन मिलिमीटर. एल्बो लांब असेल तर कानस किंवा सँडपेपरनं घासा आणि कडेवरचे तंतू नीट काढा, त्यात घाण अडकते. दुसरी, दिशा. बाहेरून नट आवळताना तोटी फिरते आणि तिच्यासोबत आतला एल्बोही. आवळून झाल्यावर वरून टॉर्च मारून बघा, तोंड सरळ खाली आहे ना. माझं एकदा चारच्या काट्यावर होतं.

आता यातली खरी गोम. बिअरची पातळी तोटीच्या खाली गेली की पुढचं काम सायफन करतो. पूर्वी रॉकेलच्या पिंपातून नळीनं रॉकेल काढायचे, तेच. नळी भरलेली आहे, बाहेरचं टोक खाली आहे, तोपर्यंत बिअर एल्बोतून इंचभर वर चढून बाहेर पडत राहते. पण नळीत हवा शिरली की खेळ संपला. पातळी तोटीच्या खाली असल्यामुळे ती आपोआप पुन्हा सुरू होत नाही. हवा दोन ठिकाणांहून शिरते. एक, एल्बो आणि तोटीच्या सांध्यातून, तो सैल असेल तर. पातळी वर असेपर्यंत सांधा बिअरमध्ये बुडालेला असतो म्हणून काही कळत नाही, आणि सांधा उघडा पडला की लगेच बुडबुडे. सैल असेल तर फूड-ग्रेड सिलिकॉन नळीचा एक छोटा तुकडा मध्ये घाला, घट्ट होतो. दुसरं ठिकाण म्हणजे वाँड. लोक बाटल्यांचा ट्रे बदलताना वाँड तोटीतून ओढून काढतात. काढली की नळीतली बिअर खाली सांडते आणि हवा वर जाते. शेवटच्या डझनभर बाटल्यांत वाँड काढायची नाही, आणि शक्य तर तोटीही बंद करायची नाही. वाँडची स्वतःची झडप पुरेशी आहे.

हेही आधी पाण्यावर करून बघा. एल्बोनंतर माझ्या बादलीत सपाट ठेवून २०० मिली राहतं, फळीसकट दोन-चार चमचे. कुणी तुम्हाला तोटीचं भोकच अजून खाली पाडायला सांगेल. ऐकू नका. बादलीची भिंत बुडाशी गोलाई घेते, तिथं वॉशर सपाट बसत नाही, आणि गळती कायमची मागे लागते.

बाटल्या भरायचा दिवस

फर्मेंटेशन संपलंय का, याची खात्री दोन-तीन दिवसांच्या अंतरानं हायड्रोमीटरवर सारखंच माप आलं की होते. ती नसेल तर पुढचं काहीच करू नका. अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत भरली की बाटल्या फुटतात.

बादली, तोटी, एल्बो, वाँड, सायफनची नळी, बाटल्या, बुचं, सगळं सॅनिटायझरमधून काढा. स्टार सॅन (भांडी निर्जंतुक करायचं द्रव) वापरत असाल तर १९ लिटर पाण्याला ३० मिली. फेस राहिला तर राहू दे, धुवायचा नाही. तोटीतून सॅनिटायझर सोडायला विसरू नका. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या तोटीच्या आत मागच्या घाण्याचा साका असतो.

साखर. १९ लिटरला साधी साखर ११० ग्रॅमच्या आसपास, कॉर्न शुगर (मक्यापासूनची साखर) असेल तर १२५ ते १३०. हे मध्यम फेसाच्या एल या प्रकारच्या बिअरसाठी. हे प्रमाण बादलीत प्रत्यक्ष आलेल्या बिअरचं धरा, किटच्या खोक्यावर छापलेल्या पाच गॅलनचं नाही. १७ लिटरच आली असेल तर साखर त्या हिशेबानं कमी. दोन कप पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळा, जरा निवू द्या, आणि पाक आधी बादलीत ओता. मग बिअर सायफन करा. नळीचं टोक बादलीच्या तळाशी भिंतीला लागून वाकवून ठेवा म्हणजे बिअर गोल फिरत चढते. धबधबा नको. या टप्प्यावर बिअरमध्ये हवा मिसळली तर दोन महिन्यांत तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

बिअर फिरत चढली म्हणजे पाक मिसळला असं समजू नका. इथं शेवटच्या लिटरचा आणखी एक धोका आहे, आणि त्याबद्दल मला कुणी सावध केलं नव्हतं. पाक बिअरपेक्षा जड. नीट मिसळला नाही तर तो तळाशी बसतो, नेमका त्या सव्वा लिटरमध्ये. जे लोक तो लिटर टाकून देतात त्यांच्या सिंकमधून जादा साखरही निघून जाते, फक्त त्यांची बिअर जरा मिळमिळीत होते. आपण तो लिटर बाटल्यांत भरायला लागलो की ती साखर बाटल्यांत येते. एल्बो लावल्यावरच्या माझ्या पहिल्या घाण्यात पन्नासाव्या बाटलीपर्यंत सगळं छान होतं. एक्कावन्नावी पाहुण्यांसमोर उघडली. बूच सुटलं, आणि निम्मी बाटली टेबलक्लॉथवर, उरलेली कोथिंबिरीच्या वड्यांवर. म्हणून सॅनिटाइझ केलेला लांब दांड्याचा चमचा तळापर्यंत घाला आणि अर्धा मिनिट सावकाश, पृष्ठभाग न फोडता, तळापासून वर असा ढवळा. वीसेक बाटल्यांनंतर पुन्हा एकदा, तितकाच हळू. फळी बदलायच्या आत हे करा.

जागा: आमच्याकडे ओट्याखाली डिशवॉशर आहे. त्याचं दार उघडून आडवं करायचं आणि बाटल्या त्यावर मांडायच्या. बादली वर ओट्यावर, वाँड खाली, मधे चांगला उतार. सांडलेलं सगळं डिशवॉशरमध्ये. अमेरिकेतल्या निम्म्या होमब्रूअरांची ही युक्ती असेल, आणि आजवर मला याहून चांगली सापडलेली नाही.

बादलीवर झाकण नुसतं ठेवा, दाबून बसवू नका. हवाबंद झालं की आत हवा जायला वाट राहत नाही, धार बारीक होत जाते, आणि माणूस तोटी तुंबली म्हणून तोटी उघडत बसतो.

शेवटची दहा मिनिटं

दुसरी फळी घातली आहे. बारा बाटल्या राहिल्यात. आता घाई नको आणि गप्पाही नकोत.

वाँड एका बाटलीतून दुसरीत नेताना टोक हवेत लोंबू देऊ नका, सरळ पुढच्या बाटलीच्या बुडावर टेकवा. झडपेत हॉप्सचा कण अडकला तर ती पूर्ण मिटत नाही, थेंब थेंब गळते. टोक बाटलीच्या बुडावर दोनदा हलकं आपटा, बहुतेक वेळा सुटतो.

नळीकडे लक्ष ठेवा. पारदर्शक असते ती यासाठीच. बिअर चढत असताना नळी भरीव दिसते, एकाच रंगाची. हवा यायच्या आधी एक खूण मिळते: बादलीत तोटीच्या बाजूला पृष्ठभागावर छोटासा खळगा पडतो, मोरीच्या जाळीवर पाणी जाताना पडतो तसा. तो दिसला की वाँडवरचा दाब कमी करा. धार मंद केली की खळगा भरून येतो आणि आणखी अर्धी-पाऊण बाटली मिळते. नंतर नळीत पहिला बुडबुडा सरकला, की त्या क्षणी टोक उचला. त्या बुडबुड्यापाठोपाठ जी बिअर येते ती फेसाळत, हवा घेऊन येते. मी तिच्यासाठी थांबत नाही.

सायफन तुटलाच आणि बादलीत अजून बरंच असेल, तर तोंडानं ओढू नका. आपल्या तोंडात लॅक्टोबॅसिलस पोत्यानं असतात. कुणालातरी बादली आणखी कलती धरायला सांगा, तोटीचं तोंड बुडेपर्यंत, आणि वाँड दाबा. एकदा प्रयत्न करा. नाही जमलं तर सोडा.

शेवटची बाटली

ती बहुधा अर्धी भरते. तिला काचेच्या बाटलीत बूच लावून बाकीच्यांबरोबर ठेवू नका. वरची निम्मी हवा बिअरला महिन्याभरात शिळी करते. दोन उपाय आहेत. १८०-२०० मिलीच्या छोट्या बाटल्या दोन-तीन धुऊन ठेवा, उरलेल्या बिअरच्या मापाची घ्या. किंवा अर्ध्या लिटरची सोड्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या, बिअर भरा, बिअर तोंडाशी येईपर्यंत बाटली दाबा आणि तशीच झाकण पिळा. हवा जवळजवळ शून्य. ही बाटली पुढे मापाचंही काम करते. काचेच्या बाटलीत फेस तयार झालाय की नाही हे उघडल्याशिवाय कळत नाही. ही चिमटीत दाबून बघायची. दाबलेली बाटली चार-पाच दिवसांत फुगून सरळ होते, आणि दगडासारखी घट्ट झाली की काचेच्याही तयार होत आल्या समजायचं. २१ अंश सेल्सियसच्या आसपास पंधरा दिवस धरा. आमच्या बेसमेंटमध्ये जानेवारीत महिना लागतो.

शेवटून भरलेल्या चार-पाच बाटल्यांच्या बुचांवर मार्करनं फुली करा. त्या आधी प्यायच्या, आणि पहिल्यांदा उघडाल ती सिंकवर उघडा. टेबलक्लॉथ धुऊन निघाला, पण वड्या गेल्या त्या गेल्या.

मग बादली कलती करून तळाचे राहिलेले चार घोट ग्लासमध्ये घ्या आणि चाखा. बिअर निपचित, कोमट, फेस नाही, जरा गोड. ही चव लक्षात ठेवायची म्हणून पहिल्या बाटलीच्या वेळीही दोन घोट बाजूला काढून ठेवलेले असावेत. दोन्हींची गोडी सारखी असेल तर पाक नीट मिसळलाय. तळाची उघड गोड लागली तर फुलीच्या बाटल्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवा आणि आठवड्यानं एक उघडून बघा. फसफसून वर आली तर बाकीच्या सरळ फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट झोपतं.

तोटी त्याच रात्री

थकवा आलेला असतो, पन्नास बाटल्या मांडून झालेल्या असतात, आणि बादली उद्या धुऊ असं वाटतं. बादली उद्या धुतली तर चालेल. तोटी नाही. ती आजच काढा, फिरता भाग बाहेर ओढा, एल्बो वेगळा करा, वॉशर सोडवा आणि सगळं ऑक्सिक्लीनच्या वास नसलेल्या पावडरीच्या कोमट पाण्यात रात्रभर टाका. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकडं होतं आणि मग गळतं. सकाळी बाटली धुवायच्या बारीक ब्रशनं आतून घासा. वॉशर हाताला चिकट लागले तर पुन्हा भिजवा. सुकवताना तोटी जोडून ठेवू नका, सुटीच ठेवा. आमच्या सासूबाईंनी ती एकदा चमच्यांच्या ट्रेमध्ये वाळत घातलेली पाहिली होती. त्यांनी ती उचलली, नाकाशी नेली, काही न बोलता नळाखाली आणखी एकदा धरली, आणि परत ठेवली.